चिठ्ठीचे औषध आणि नाव सांगून आणलेले औषध : स्टॅटिन व वेदनाशामके यांच्या सहवापराचा इतिहास

प्रस्तावना

औषधांचा इतिहास आपल्याकडे बहुधा एकेका औषधाचे चरित्र म्हणून लिहिला जातो. क्विनाइनचा प्रसार, पेनिसिलिनचा शोध, अ‍ॅस्पिरिनची शताब्दी हे अशा लेखनाचे ठरलेले विषय आहेत. रुग्णाच्या पोटात मात्र औषधे एकेकटी जात नाहीत. पन्नाशी ओलांडलेल्या एखाद्या प्राध्यापकाच्या घरातील औषधांचा डबा उघडला, तर त्यात रोज रात्री घ्यावयाची कोलेस्टेरॉलची गोळी आणि गुडघा किंवा मान धरली की घ्यावयाची दुखण्याची गोळी शेजारी शेजारी आढळते. पहिली डॉक्टरांनी लिहून दिलेली असते. दुसरी बहुतेक वेळा मेडिकलच्या दुकानातून नाव सांगून आणलेली असते. या दोन गोळ्या एकत्र घेतलेल्या चालतात काय, हा प्रश्न डॉक्टरांच्या खोलीत सहसा विचारला जात नाही आणि दुकानात विचारण्याची पद्धत नाही.

हा प्रश्न इतका उशिरा का विचारला गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. लेखकाच्या मते त्याचे कारण रसायनशास्त्रापेक्षा औषधविक्रीच्या कायद्यात आणि सवयीत अधिक आहे. लेखक इतिहासाचा अभ्यासक असून वैद्यकाचा नाही. त्यामुळे पुढील विवेचनात वैद्यकीय माहिती आली असली, तरी तिचा उपयोग आपापल्या डॉक्टरांशी बोलण्यासाठी व्हावा, ही अपेक्षा आहे.

एका कायद्याने आखलेली रेषा

'चिठ्ठीशिवाय न मिळणारे औषध' हा भेद वैद्यकाइतका जुना नाही. अमेरिकेत १९३८ चा अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा झाल्यावरही कोणते औषध चिठ्ठीवर विकावे, हे बऱ्याच अंशी उत्पादकच ठरवीत असे. एकच औषध एक कंपनी चिठ्ठीवर विके आणि दुसरी उघड्यावर, असेही घडे. १९५१ मध्ये ड्युरॅम-हम्फ्री दुरुस्तीने ही स्थिती बदलली. स्वतःच्या निर्णयाने वापरण्यास सुरक्षित नसलेली औषधे चिठ्ठीवर व उरलेली थेट ग्राहकाला, अशी कायदेशीर विभागणी तिने केली. कार्ल ड्युरॅम आणि ह्यूबर्ट हम्फ्री हे दोघेही लोकप्रतिनिधी होण्यापूर्वी औषधविक्रेते होते, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही. दुकानाच्या काउंटरमागे उभे राहिलेल्या माणसांनी आखलेली ही रेषा होती. ती आखताना प्रत्येक औषधाचा विचार सुटासुटा झाला. रेषेच्या अलीकडचे औषध पलीकडच्या औषधाबरोबर पोटात गेले तर काय, हा त्या कायद्याचा विषयच नव्हता.

भारतातील चौकट औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनी घातली. नियमांच्या 'एच' अनुसूचीतील औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावयाची आहेत. स्टॅटिन वर्गातील औषधे या अनुसूचीत येतात आणि डायक्लोफेनॅकही येते. उलट, चिठ्ठीविना विकावयाच्या औषधांचा स्वतंत्र व व्याख्याबद्ध वर्ग आपल्या कायद्याने दीर्घकाळ निर्माण केला नाही. जे अनुसूचीत नाही ते उघड्यावर, असा नकारार्थी अर्थच त्यातून काढावा लागला. 'के' अनुसूचीत एक तरतूद मात्र लक्षणीय आहे. लोकवस्ती एक हजारापेक्षा अधिक नसलेल्या गावात अ‍ॅस्पिरिन व पॅरासिटामॉलच्या गोळ्या, बाम, खोकल्याची काही औषधे, टिंक्चर आयोडीन यांसारखे 'घरगुती उपाय' विशिष्ट अटींवर विक्री-परवान्याविना विकता येतात. किराणा दुकानात साबण व काडेपेटीच्या शेजारी डोकेदुखीची गोळी मिळते, ती काहीशी या परंपरेतली. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या खेड्याचा विचार करता ही तरतूद शहाणपणाची होती. त्या खेड्यात रोज स्टॅटिन घेणारा कोणी नव्हता.

वेदनाशामकांची वाट

अ‍ॅस्पिरिन १८९७ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात तयार झाले आणि १८९९ मध्ये त्या नावाने बाजारात आले. त्याचे श्रेय फेलिक्स हॉफमन यांना द्यावे की आर्थर आयखेनग्रुन यांना, हा वाद अद्याप मिटलेला नाही. येथे त्यात शिरण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, चिठ्ठीची रेषा आखली गेली तेव्हा अ‍ॅस्पिरिन अर्धशतकाहून जुने आणि घराघरांत पोहोचलेले औषध होते. जुनेपणा हाच त्याच्या सुरक्षिततेचा पुरावा मानला गेला.

हा पुरावा किती कच्चा असतो, हे फिनॅसेटिनने दाखवून दिले. अ‍ॅस्पिरिन, फिनॅसेटिन व कॅफीन यांची 'एपीसी' ही गोळी मागच्या पिढीच्या चांगली परिचयाची आहे. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमधील श्प्युलर व झोलिंगर या दोन वैद्यकांनी अशा गोळ्यांच्या दीर्घ वापराचा संबंध मूत्रपिंडाच्या विकाराशी जोडला. फिनॅसेटिन त्यापूर्वी सुमारे साडेसहा दशके वापरात होते. भारतात त्यावर बंदी आली ती १९८३ मध्ये. स्विस निरीक्षण आणि भारतीय अधिसूचना यांतील तीस वर्षांचे अंतर ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

फिनॅसेटिनचे शरीरात ज्या द्रव्यात रूपांतर होते, ते म्हणजे पॅरासिटामॉल. वेदना शमविण्याचे काम मुख्यतः तेच करते, हे ब्रॉडी व अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९४८ मध्ये दाखविले आणि पुढील दशकात पॅरासिटामॉल स्वतंत्रपणे बाजारात आले. त्याचा अतिरेक यकृताला घातक ठरतो, हे १९६६ मध्ये एडिंबरोतील नोंदींवरून पुढे आले. नेमक्या मात्रेत निर्धोक आणि अतिरेकात विषारी, असे हे औषध आहे.

आयबुप्रोफेनचा इतिहास आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचा आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स व त्यांचे सहकारी संधिवातावर अ‍ॅस्पिरिनपेक्षा सुसह्य औषध शोधत होते. त्यांच्या संयुगाच्या एकस्वासाठी १९६१ मध्ये अर्ज झाला आणि १९६९ मध्ये ते ब्रिटनमध्ये चिठ्ठीवर मिळू लागले. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये व १९८४ मध्ये अमेरिकेत कमी मात्रेतील आयबुप्रोफेन चिठ्ठीविना विकण्यास परवानगी मिळाली. म्हणजे औषध रेषा ओलांडू शकते. त्याचे रसायन तेच राहते, पण वापरणाऱ्याकडे पाहणारे कोणी उरत नाही. अमेरिकेत ही परवानगी मिळाल्यावर तीनच वर्षांनी पहिले स्टॅटिन बाजारात आले.

बुरशीतून आलेले औषध

स्टॅटिनचा उगम जपानमध्ये आहे. अकिता प्रांतातील शेतकरी कुटुंबात जन्मलेले अकिरा एंडो (१९३३-२०२४) टोकियोच्या सांक्यो कंपनीत काम करीत. फ्लेमिंगच्या चरित्राचा त्यांच्यावर प्रभाव होता. बुरशी ज्याप्रमाणे जिवाणूंना मारणारे द्रव्य तयार करते, त्याप्रमाणे कोलेस्टेरॉल बनविणाऱ्या विकराला रोखणारे द्रव्यही तयार करीत असेल, असा त्यांचा तर्क होता. १९७१ पासून दोन वर्षे त्यांनी सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव-नमुने तपासले. अखेर १९७३ मध्ये क्योतोतील धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळावरील निळ्या-हिरव्या बुरशीत 'एमएल-२३६बी' हे द्रव्य सापडले. पुढे त्यालाच कॉम्पॅक्टिन म्हणू लागले. कुत्र्यांवरील प्रयोगांत दुष्परिणाम दिसल्यावरून सांक्योने १९८० मध्ये त्याचा विकास थांबविला, आणि बाजारात प्रथम येण्याचा मान अमेरिकेतील मर्क कंपनीच्या लोव्हास्टॅटिनला १९८७ मध्ये मिळाला. दोन वर्षांपूर्वीच, १९८५ मध्ये, कोलेस्टेरॉलच्या नियमनावरील संशोधनासाठी ब्राउन व गोल्डस्टीन यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. एंडो यांना ते कधीच मिळाले नाही.

स्टॅटिनविषयी डॉक्टरांच्या मनातील शंका १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील एका चाचणीने दूर केली. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांपैकी सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये सुमारे साडेपाच वर्षांत एकूण मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटले. त्यानंतर स्टॅटिन हे आजार बरा करण्याचे औषध न राहता, वर्षानुवर्षे घ्यावयाचे प्रतिबंधक औषध झाले. आपल्या प्रश्नाची खरी सुरुवात येथे होते. सात दिवसांच्या औषधाबरोबर दुसरे काय घेतले, हे रुग्णाला आठवते. वीस वर्षांच्या औषधाबरोबर माणूस सर्वच काही घेतो. त्यात तापाची गोळी असते, दाढदुखीची असते, प्रवासात सहप्रवाशाने दिलेलीही असते.

२००१ : दोन घटना

सहवापराच्या इतिहासात २००१ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. ऑगस्टमध्ये बायर कंपनीने सेरिव्हास्टॅटिन हे आपले औषध बाजारातून मागे घेतले. स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात येणे व त्यामुळे मूत्रपिंड बंद पडणे, या ऱ्हॅब्डोमायोलिसिस नावाच्या विकाराने अमेरिकेत ३१ मृत्यू झाल्याची नोंद तोपर्यंत झाली होती. त्यांपैकी १२ रुग्ण जेमफायब्रोझिल हे चरबी कमी करणारे दुसरे औषधही घेत होते. जेमफायब्रोझिल हे सेरिव्हास्टॅटिनच्या विघटनाला अटकाव करते, त्यामुळे रक्तातील त्याचे प्रमाण कितीतरी वाढते. या घटनेने 'स्टॅटिनबरोबर काय घेऊ नये' याच्या याद्या जगभर तयार झाल्या. त्यांत काही प्रतिजैविके, बुरशीनाशके व हृदयाची औषधे होती. पण या याद्या बव्हंशी चिठ्ठीच्या औषधांच्या होत्या, कारण नोंदी त्यांच्याच उपलब्ध होत्या.

दुसरी घटना कमी गाजली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अ‍ॅस्पिरिनच्या आधी घेतलेले आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनचा रक्त गोठू न देण्याचा परिणाम रोखते, असे त्यात दाखविले होते. कारण समजण्यास सोपे आहे. दोन्ही औषधे प्लेटलेटमधील एकाच विकरावर एकाच ठिकाणी बसतात. अ‍ॅस्पिरिन तेथे कायमचे चिकटते, तर आयबुप्रोफेन काही तास बसून उठून जाते. आयबुप्रोफेन आधी जागा अडवून बसले, तर अ‍ॅस्पिरिनला चिकटायला जागा उरत नाही आणि तोवर ते रक्तातून नाहीसे झालेले असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये याविषयी सूचना काढली. तिच्यानुसार साधे अ‍ॅस्पिरिन घेतल्यानंतर किमान अर्ध्या तासाने किंवा त्यापूर्वी आठ तासांहून अधिक आधी ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन घ्यावे. आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या अ‍ॅस्पिरिनसाठी मात्र असा वेळेचा हिशेब त्या सूचनेने दिला नाही. हृदयरुग्णांना आपल्याकडे ७५ मिलिग्रॅमची जी गोळी दिली जाते, ती पुष्कळदा याच आवरणाची असते. अशा रुग्णाने अधूनमधून एखाद्या वेळी घेतलेल्या आयबुप्रोफेनने फारसे बिघडत नाही. ते रोज घ्यावे लागत असेल, तर प्रश्न घड्याळाचा न राहता डॉक्टरांचा होतो.

या घटनेचा स्टॅटिनशी संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध रुग्णाचा आहे. ज्याला स्टॅटिन दिले जाते, त्याच्या हृदयाला किंवा रक्तवाहिन्यांना धोका असतो. त्यामुळे त्याला पुष्कळदा अ‍ॅस्पिरिनही दिलेले असते. भारतात तर अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन व अ‍ॅस्पिरिन एकाच कॅप्सूलमध्ये विकली जातात. काही कॅप्सूलमध्ये क्लोपिडोग्रेल हे तिसरे औषधही असते. रुग्ण तिला 'कोलेस्टेरॉलची गोळी' म्हणतो. आपण रोज अ‍ॅस्पिरिन घेतो, हे त्याला ठाऊक नसते, आणि 'तुम्ही अ‍ॅस्पिरिन घेता काय' या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर देतो. स्टॅटिनचा रेणू व आयबुप्रोफेनचा रेणू यांचे परस्परांशी फारसे भांडण नाही. भांडण त्या कॅप्सूलमधील दुसऱ्या औषधाशी आहे. शिवाय अ‍ॅस्पिरिनवर आणखी एक दाहशामक घेतल्याने जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, ती निराळी.

या काळातील तिसरी घटना म्हणजे रोफेकॉक्सिब. हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांची जोखीम वाढते, असे दिसल्यावरून हे वेदनाशामक सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. भारतानेही त्याच वर्षी त्यावर बंदी घातली. चौकशीचा झोत मग या गटातील जुन्या औषधांवर पडला. २०१५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने आपला इशारा अधिक कडक केला. अ‍ॅस्पिरिन वगळता आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या दाहशामकांमुळे ही जोखीम वापराच्या पहिल्या काही आठवड्यांतही वाढू शकते आणि मोठ्या मात्रेने अधिक वाढते, असे त्यात म्हटले होते. म्हणजे ज्या हृदयासाठी रात्रीची गोळी घ्यावयाची, त्याच हृदयावरचा भार सकाळची गोळी वाढविते. ही बाब 'दोन औषधांची आंतरक्रिया' या सदरात बसत नाही, म्हणून आंतरक्रियांच्या याद्यांतून ती निसटते.

दुखणे कोणाचे?

आता या विषयातील सर्वांत अवघड भागाकडे वळता येईल. स्टॅटिनचा सर्वाधिक चर्चिला गेलेला दुष्परिणाम स्नायूदुखी हा आहे, आणि वेदनाशामकाचे काम दुखणे झाकणे हे आहे. मांड्या किंवा खांदे दुखू लागले की माणूस वयाला, पावसाळी हवेला किंवा बसच्या प्रवासाला दोष देतो आणि गोळी घेतो. यात दोन धोके आहेत. ते परस्परविरुद्ध दिशांचे असल्याने सल्ला देणे कठीण होते.

पहिला धोका खरी सूचना दाबली जाण्याचा आहे. ऱ्हॅब्डोमायोलिसिस अतिशय विरळा असला, तरी त्याची खूण स्नायू दुखण्याने व अशक्तपणाने मिळते. लघवी चहाच्या काढ्यासारखी गडद होते. अशा वेळी दाहशामक घेणे दुहेरी चुकीचे ठरते. सूचना दबते आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करणारे औषध नेमके मूत्रपिंड संकटात असताना पोटात जाते. रुग्ण रक्तदाबाच्या काही गोळ्या व लघवी वाढविणारे औषधही घेत असेल, तर हा ताण आणखी वाढतो.

दुसरा धोका उलट आहे. दुखणे स्टॅटिनचे नसताना त्याला दोष देऊन ते बंद केले जाते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांवर केलेली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांना वर्षभरात काही महिने स्टॅटिन, काही महिने औषधविरहित गोळी आणि काही महिने रिकामी बाटली देण्यात आली. स्टॅटिनच्या महिन्यांत जाणवलेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास औषधविरहित गोळीनेही झाला. २०२२ मध्ये अनेक मोठ्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. औषध सुरू केल्याच्या पहिल्या वर्षी स्टॅटिन घेणाऱ्यांनी नोंदविलेल्या स्नायूच्या दर पंधरा तक्रारींपैकी साधारण एकच स्टॅटिनमुळे होती, असे त्यात आढळले. दुखणे खोटे होते, असा याचा अर्थ कोणी काढू नये. दुखणे खरेच होते, केवळ त्याचे कारण निराळे होते.

म्हणून नव्याने सुरू झालेली, दोन्ही बाजूंची व अशक्तपणासह येणारी स्नायूदुखी ही डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे. ती गोळीने झाकू नये आणि तिच्यामुळे स्टॅटिनही परस्पर थांबवू नये. रक्तातील क्रिएटिन कायनेजच्या साध्या तपासणीने पुष्कळ उलगडा होतो. अंगदुखी किंवा ताप यांसाठी स्टॅटिन घेणाऱ्याने पॅरासिटामॉलला प्रथम पसंती द्यावी, असे वैद्यकाचे आजचे सर्वसाधारण मत आहे. पॅरासिटामॉल व स्टॅटिन यांची महत्त्वाची आंतरक्रिया नाही. दोन्हींचा संबंध यकृताशी असल्याने जी भीती व्यक्त होते, ती नेहमीच्या मात्रेत अनाठायी आहे. स्टॅटिन घेणाऱ्यांची यकृत-तपासणी ठरावीक काळाने करीत राहण्याची अट अमेरिकी प्रशासनाने २०१२ मध्येच काढून टाकली. पॅरासिटामॉलची प्रौढांसाठीची कमाल मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम आहे. नियमित मद्यपान करणाऱ्यांनी व यकृताचा विकार असलेल्यांनी त्याहून बरेच कमी घ्यावे. गुडघ्यावर किंवा बोटांच्या सांध्यांवर लावावयाचे डायक्लोफेनॅकचे जेल रक्तात फार थोडे उतरते. गोळीऐवजी मलम हा आपल्या आजीचा पर्याय या बाबतीत शास्त्राला मान्य आहे.

दुकान आणि चिठ्ठी

भारतात हा प्रश्न अधिक बिकट होण्यास आपला औद्योगिक इतिहासही कारण आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूला एकस्व न देता केवळ प्रक्रियेला दिले. २००५ मध्ये रेणूचे एकस्व पुन्हा लागू होईपर्यंत भारतीय कंपन्यांनी नवी औषधे स्वस्तात बनविली. स्टॅटिन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले ते त्यामुळेच. अमेरिकेत अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची स्वस्त आवृत्ती २०११ मध्ये प्रथम आली, आणि ती आणणाऱ्यांत भारतीय कंपनी होती. या धोरणाचे श्रेय देताना त्याची दुसरी बाजूही नोंदवावी लागते. एका रेणूची असंख्य व्यापारी नावे आणि दोन-तीन औषधांची मिश्रणे यांचा आपल्या बाजारात सुळसुळाट झाला. दुखण्याच्या बाबतीतही तेच आहे. एका नावाच्या गोळीत आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल, दुसऱ्या नावाच्या गोळीत डायक्लोफेनॅक व पॅरासिटामॉल असते. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतेच. तीन निरनिराळ्या आजारांवर तीन गोळ्या घेणारा माणूस एकच औषध तीनदा घेत असतो.

डायक्लोफेनॅक 'एच' अनुसूचीत असूनही ते चिठ्ठीविना किती सहज मिळते, हे वाचकांना सांगावयास नको. २०११ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने चिठ्ठी व फार्मासिस्टची उपस्थिती यांबाबत कडक मोहीम राबविली, तेव्हा विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवून निषेध केला. त्या वादात दोन्ही बाजूंनी कायद्याच्या भाषेत युक्तिवाद झाले. फार्मासिस्ट ग्राहकाला 'आणखी कोणती औषधे घेता' असे विचारतो काय, हा मुद्दा क्वचितच पुढे आला. वस्तुतः पदवी-पदविका घेऊन काउंटरमागे बसलेल्या माणसाची उपयुक्तता याच प्रश्नात आहे.

औषधांच्या दुष्परिणामांची देशव्यापी नोंद घेणारा कार्यक्रम भारतात २०१० मध्ये सुरू झाला. गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोग त्याचे समन्वयन करतो. नोंद करण्याची मुभा डॉक्टरांप्रमाणे रुग्णालाही आहे. अर्जात संशयित औषधाबरोबर घेतलेल्या अन्य औषधांसाठी स्वतंत्र रकाना असून, स्वतःहून घेतलेली औषधेही तेथे लिहावयाची असतात. किराणा दुकानातून आणलेली गोळी औषध म्हणून आठवली, तरच तो रकाना भरला जातो.